कॉर्डलेस मशीन वापरताय? पहिली सवय बॅटरी काढण्याची लावा

कॉर्डलेस ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, ग्राइंडर, जिगसॉ, छोटी सर्क्युलर सॉ, यातलं एखादं तरी मशीन आता बऱ्याच घरांत असतं, आणि वायर नाही म्हणजे धोका पण कमी असं लोक धरूनच चालतात. खरं तर एका बाबतीत हे वायरवाल्यापेक्षा जास्त सांभाळायचं मशीन आहे. वायरवाल्याचा प्लग काढला की विषय संपला, डोळ्याला दिसतं की आता हे चालू होणार नाही. कॉर्डलेसमध्ये प्लग म्हणजे बॅटरी, आणि ती कायम लागलेलीच असते. टेबलावर पडलेलं, बॅगेत कोंबलेलं, लहान पोराने उचललेलं ड्रिल हे सगळं चालू बोर्डाला जोडलेलंच ड्रिल आहे, फक्त ट्रिगर दाबला जायचा अवकाश.

म्हणून बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल पण एवढं ठेवा. बिट किंवा ब्लेड बदलायचंय, डिस्क घट्ट करायचीय, अडकलेला भुसा काढायचाय, मशीन पुसायचंय, कुणाला द्यायचंय, ठेवून द्यायचंय, आधी बॅटरी बाहेर. दोन सेकंदांचं काम आहे. ड्रिलला पुढे-मागे फिरवायचं जे बटण असतं ते मध्ये ठेवलं की ट्रिगर लॉक होतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते पण वापरा. म्हणजे शिडीवर असताना, मशीन बेल्टला अडकवलं असताना, दोन स्क्रूंच्या मधे, अशा वेळी तो लॉक कामाचा आहे. पण लॉक म्हणजे बॅटरी काढणं नव्हे. आणि ग्राइंडर, सॉ या दोघांना तर कुठलीच सूट नाही, तिथे ब्लेडजवळ बोट न्यायच्या आधी बॅटरी हातात आलीच पाहिजे.

आता बॅटरीवरचे आकडे, कारण त्यावरून बरेच घोळ होतात. आत जे सेल असतात ते लिथियम-आयनचे, एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६, फुल चार्ज झाला की साधारण ४.२. असे पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्टचा पॅक होतो आणि तोच पॅक चार्जरवरून काढल्या काढल्या मीटरवर २१ च्या आसपास दाखवतो. म्हणजे काही पॅकवर "२० व्होल्ट मॅक्स" लिहिलेलं असतं ते आणि १८ व्होल्टचं हे एकच प्रकरण आहे, दोन्हीत पाचच सेल. तसंच १२ व्होल्ट मॅक्स म्हणजे तीन सेल, खरे १०.८. त्यामुळे १८ वरून २० घेतलं म्हणून ताकद वाढत नाही. अँपिअर-अवर म्हणजे टाकी केवढी ते. २ एएचच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा पाच सेल असतात, ४-५ एएचच्या पॅकमध्ये बऱ्याचदा दहा, पाच-पाचच्या दोन ओळी. मोठा पॅक नुसता जास्त वेळ चालतो असं नाही, लोड दोन ओळींत वाटला जातो म्हणून तो कमी तापतो. ग्राइंडर किंवा सॉला छोटा पॅक लावून तासभर राबवायचं हे मला अजिबात पटत नाही. मशीन चालतं, पण पॅक भाजून निघतो आणि त्याचं आयुष्य तिथेच घटतं. छोटा पॅक ड्रिल-ड्रायव्हरसाठी ठेवा, हाताला हलका पडतो.

ड्रिलपासून सुरू करू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात.

चक म्हणजे पुढे बिट पकडणारा जबडा, त्याच्या मागे आकड्यांची जी रिंग असते तो क्लच, ठरावीक जोरापुढे फिरणं सोडून देणारा. लोक ती रिंग आयुष्यभर ड्रिलच्या खुणेवर ठेवून स्क्रू मारतात आणि मग स्क्रूचं डोकं झिजलं, प्लायमध्ये स्क्रू आरपार घुसला म्हणून वैतागतात. स्क्रू मारताना छोट्या आकड्यापासून सुरू करा, स्क्रू पूर्ण बसायच्या आधीच कट-कट आवाज करून क्लच सुटला तर एक-एक आकडा वाढवा. स्क्रूचं डोकं लाकडाच्या बरोबरीला आलं आणि तिथेच क्लच सुटला की सेटिंग जमलं, बाकीचे सगळे स्क्रू त्याच आकड्यावर. वरच्या बाजूला १ आणि २ लिहिलेलं सरकतं बटण असतं ते गिअर, १ म्हणजे हळू पण जोरदार, २ म्हणजे वेगात पण जोर कमी. स्क्रू आणि मोठी भोकं १ वर, बारीक बिटने भोक २ वर. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेलं पाहिजे, फिरत असताना बदललात तर आतले दात जातात, आणि बटण सरकत नसेल तर जोर लावू नका, चक हाताने थोडा फिरवला की बसतं.

हातात धरलेल्या तुकड्यात भोक पाडायचं नाही, हे सगळेच सांगतात पण का ते कुणी सांगत नाही. पातळ पत्रा घ्या. बिट पत्र्यात शिरतोय तोपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं. ज्या क्षणी बिटचं टोक खालून बाहेर पडतं त्या क्षणी पत्र्याची कडा बिटच्या नागमोडी खाचेत अडकते, पत्रा बिटवर वर चढतो आणि बिटबरोबर गरागरा फिरायला लागतो. आता तो पत्रा राहिला नाही, पातं झालं, आणि तुमची बोटं त्याच्या कडेला आहेत. ट्रिगर सोडेपर्यंत तो दोन-चार फेऱ्या मारून मोकळा होतो. म्हणून पत्रा दोन लाकडांच्या मध्ये क्लॅम्प करा, बिट आरपार जायच्या वेळी हातातला दाब जवळजवळ काढून घ्या, स्पीड कमी ठेवा. लोखंडात भोक करताना आधी सेंटर पंचने खूण ठोका नाहीतर बिट घसरत जाणार, आणि दोन थेंब तेल टाका. बिट निळा पडला म्हणजे तुम्ही फार वेगात चालवलात, त्याची धार गेली असं समजा. स्क्रू मारताना पण तसंच, तुकड्याच्या मागे तळहात लावून धरू नका. बिट घसरला की थेट हातात.

भिंतीत भोक पाडताना लोकांना वाटतं बॅटरीचं मशीन आहे, शॉक कसा बसेल. मशीनचा नाही बसणार, भिंतीतल्या वायरचा बसेल. बिट धातूचा, चक बहुतेक वेळा धातूचा, आणि आत चालू लाइन लागली की ते सगळं लाइव्ह झालं. नीट केलेल्या वायरिंगमध्ये स्विचबोर्ड आणि सॉकेटपासून पाइप सरळ उभा किंवा सरळ आडवा जातो, त्यामुळे बोर्डाच्या वर, खाली आणि बाजूच्या सरळ रेषेत भोक टाळायचं, पण जुन्या घरांत कुणी कसाही तिरका पाइप नेलेला असतो त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. वायर डिटेक्टर असेल तर फिरवून बघा, शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडून मग भोक मारा. कॉर्डलेसचा हाच तर फायदा आहे, लाइट बंद करूनही काम होतं! मशीन धरताना रबरी पकडीवरच हात ठेवा, चकजवळच्या धातूवर नाही. नळाच्या आणि टाकीच्या पाइपचंही हेच, बाथरूमच्या भिंतीत तर दोनदा विचार करून.

काँक्रीटमध्ये भोक पाडायला हॅमर मोड आणि कार्बाइड टोकाचा बिट लागतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर हे हॅमर नाही, नावावरून खूप जणांची गफलत होते. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरण्याच्या दिशेत ठोके देतो, म्हणून मोठे स्क्रू आणि नट-बोल्ट त्याने झटकन जातात, हॅमर ड्रिल बिटला पुढे ठोकतं. इम्पॅक्टला बहुतेक वेळा क्लच नसतो तेव्हा बारीक स्क्रूवर ट्रिगर अगदी हलका, आणि त्याला इम्पॅक्टसाठीचेच बिट लावा, साधा कडक बिट ठोके खाऊन तुकडे होऊन उडतो.

मोठा बिट किंवा होल सॉ (मोठं गोल भोक कापणारं वाटीसारखं दातेरी पातं) लावलाय आणि आत सळई लागली, तर बिट जागच्या जागी थांबतो आणि मशीन तुमच्या मनगटाला पीळ देतं. नव्या ब्रशलेस (मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेल्या) मशीनचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, भरपूर असतो, आणि शिडीवर उभं राहून एका हाताने चालवताना हे झालं तर मनगट तरी जातं नाहीतर तोल तरी. मशीनबरोबर आलेलं बाजूचं हँडल बहुतेकांच्या डब्यात तसंच पडलेलं असतं. ते लावा. दोन्ही हात, पाय पक्के, आणि पहिला गिअर.

आता ग्राइंडर. हा भाग जरा निवांत वाचा, कारण घरगुती मशीनमध्ये सगळ्यात जास्त भीती बाळगावी असं हेच आहे आणि लोक नेमकं हेच सगळ्यात बेफिकीर वापरतात.

साधारण १०० एमएमची कटिंग डिस्क घ्या, तिच्यावर १५,३०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) लिहिलेलं असतं, १२५ एमएमवर १२,२००. दोन्हींचा हिशोब एकच आहे, कडेचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. डिस्क फुटली तर तिचे तुकडे या वेगाच्या आसपास सुटतात. आता सांगा, गार्ड काढून चालवायचं का? गार्ड "मधे येतो" म्हणून काढलेला ग्राइंडर मी कुणाकडेही बघितला की तिथेच थांबवतो, वाईटपणा आला तरी चालेल. गार्ड असा फिरवून बसवायचा की त्याची बंद बाजू तुमच्याकडे आणि ठिणग्या तुमच्यापासून लांब. मशीनचा आरपीएम डिस्कवरच्या आकड्यापेक्षा कमी असलाच पाहिजे, आणि मोठी डिस्क बसावी म्हणून गार्ड काढणं हा शुद्ध जिवाशी खेळ आहे. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही, विकत मिळतं म्हणून लावायचं नाही, कुणी व्हिडिओत दाखवलं म्हणून लावायचं नाही. त्याचा दात लाकडात अडकला की मशीन उसळून अंगावर येतं आणि हाताने ते धरून ठेवता येत नाही.

डिस्क लावायच्या आधी बघा. मध्यभागी जी धातूची रिंग असते तिच्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ती एक्सपायरी. खरंच असते, कारण डिस्कमधले कण रेझिनने चिकटवलेले असतात आणि ते रेझिन वर्षांनी, ओलाव्याने कमकुवत होतं. तारीख गेलेली, पडलेली, कडेला टवका उडालेली, ओली झालेली डिस्क फेकून द्या, "थोडंच काम आहे" म्हणत लावू नका. नवी लावल्यावर मशीन अंगापासून आणि माणसांपासून लांब धरून मिनिटभर मोकळं फिरवा. डिस्क खराब असेल तर बऱ्याचदा इथेच कळतं, थरथर आली तर लगेच बंद.

कापताना डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला. पातळ कटिंग डिस्कच्या सपाट बाजूने घासायचं नाही, तिला बाजूचा दाब सहन होत नाही, घासायला जाड ग्राइंडिंग डिस्क वेगळी मिळते. आणि तुकड्याला आधार कुठे देताय याकडे लक्ष द्या. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधून कापलात तर कट होत आला की पाइप मध्ये बसतो, चीर वरून मिटते, डिस्क चिमटीत सापडते आणि मशीन उसळून हाताला झटका बसतो. आधार असा द्या की कापलेला तुकडा खाली पडेल आणि चीर उघडत जाईल. हे एकच नीट समजलं तरी निम्मे झटके टळतील.

काम झाल्यावर ट्रिगर सोडला तरी डिस्क काही सेकंद फिरत राहते, सगळ्या मशीनना ब्रेक नसतो. थांबेपर्यंत हातातच धरा, फिरतं मशीन जमिनीवर टेकवलं की ते पळतं. ठिणग्या कुठे जातायत ते पण बघा, काचेवर आणि टाइल्सवर पडल्या तर बारीक काळे डाग कायमचे चिकटतात, आणि भुसा, चिंध्या, थिनरचा डबा जवळ असेल तर काय होईल सांगायला नको. काम संपल्यावर अर्धा तास तरी त्या जागेकडे लक्ष ठेवा, आग लगेचच लागते असं नाही, भुशात ठिणगी धुमसत राहते.

सर्क्युलर सॉचं थोडक्यात. खालचा गार्ड आपोआप मिटतो ना हे प्रत्येक वेळी बॅटरी काढून हाताने उघडून बघा, भुसा अडकून तो उघडाच राहिला तर मशीन मांडीवर ठेवलं की संपलं. पातं लाकडाच्या खाली एका दाताच्या उंचीएवढंच बाहेर येईल इतकी खोली ठेवा. आणि पातं बोथट झालं की लोक जोर लावतात, जोर लावला की बॅटरी आणि मोटर दोन्ही तापतात, त्यापेक्षा पातं बदला. जिगसॉलाही तेच.

अंगावर काय असावं. चष्मा बाजूने बंद असलेला, नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही, ग्राइंडरला त्याच्यावर फेस शील्डही. कानाला इअरप्लग, कॉर्डलेस म्हणून आवाज कमी असं काही नाही, ग्राइंडर आणि हॅमर दोघेही ८५ डेसिबलच्या वर सहज जातात. काँक्रीट, वीट, टाइल्स कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही, त्यामुळे एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, तोंडावर रुमाल बांधून भागत नाही. ड्रिल चालवताना सैल हातमोजे नकोत, फिरत्या बिटमध्ये मोज्याचा धागा अडकला की बोट आत ओढलं जातं. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, हे सगळं आवरून मगच ट्रिगरला हात.

आता चार्जिंग, कारण बॅटरी मशीनच्या किमतीचा मोठा भाग खाते आणि ती बहुतेक वेळा वापरून नाही तर ठेवून खराब होते.

बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करायची, नाहीतर तिला सवय लागते, हा सल्ला अजून फिरतोय. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे, १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं तेव्हा त्यात तीच बॅटरी होती. तेव्हा त्या सल्ल्यात तथ्य होतं, लिथियमला तो उलटा लागू पडतो. लिथियमला पूर्ण रिकामं होणं अजिबात मानवत नाही. मशीनचा जोर कमी झाला, किंवा इंडिकेटरवर एकच दिवा राहिला की थांबा आणि चार्जिंगला लावा, अर्धी असताना लावली तरी काही बिघडत नाही. बॅटरीने स्वतःहून मशीन बंद केलं तर परत परत ट्रिगर दाबून उरलेलं पिळायचं नाही.

कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर नको, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. चांगले चार्जर स्वतःच थांबतात, लाल-पिवळा दिवा लुकलुकतो, लोकांना वाटतं चार्जर बिघडला, तो फक्त बॅटरी थंड व्हायची वाट बघत असतो. ढोबळ मानाने ५ ते ४० अंशांत चार्ज करा, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतोच. शून्याच्या खाली चार्ज केलं तर सेलच्या आत लिथियम धातू थरासारखा साचतो आणि तो परत निघत नाही, क्षमता जाते आणि आत शॉर्ट व्हायचा धोका वाढतो. थंडीत मशीन वापरायला हरकत नाही, चार्ज मात्र खोलीत आणून. आणि उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवणं म्हणजे तिला हळूहळू मारणं.

चार्जर कडक, सपाट जागेवर ठेवा, गादी-सोफ्यावर नाही, भोवती कागद-कापड नको, आणि रात्रभर लावून झोपू नका, घरातून बाहेर जाताना पण काढा. चार्जर त्याच कंपनीचा. स्वस्तातले मिळतेजुळते पॅक येतात त्यांच्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे की ते टाळावेत. सेल कुठले वापरलेत ते बाहेरून कळत नाही, आणि आतलं सर्किट, जे प्रत्येक सेलवर आणि तापमानावर नजर ठेवतं, ते काहींमध्ये नावालाच असतं.

बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी मशीनमधून काढून साधारण अर्धी चार्ज, ४० ते ६० टक्के, करून थंड कोरड्या जागी ठेवा. फुल चार्ज करून महिनोन्‌महिने ठेवली तरी झिजते, रिकामी ठेवली तर आणखी वाईट, कारण थोडी थोडी ती आपोआप उतरतच असते. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघून घ्या. सुटी बॅटरी खिळे, स्क्रू, बिट, किल्ल्या यांच्याबरोबर एका डब्यात टाकू नका, दोन टर्मिनलवर एक स्क्रू आडवा पडला तरी शॉर्ट. बॅटरीबरोबर पिवळं किंवा काळं प्लॅस्टिकचं टोपण येतं ते फेकू नका, त्यासाठीच असतं.

एक प्रकार हल्ली फार बघायला मिळतो. बॅटरी पार उतरली, चार्जर घेत नाही, मग दुसऱ्या चार्ज केलेल्या बॅटरीला वायर लावून तिला "जागं" करायचं. करू नका. सेल साधारण अडीच व्होल्टच्या बराच खाली गेला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं आणि चार्ज करताना ते नको तिथे जमा होतं, त्यातून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जर जी बॅटरी नाकारतो ती कारणाशिवाय नाकारत नाही. जागी झालेली बॅटरी आठवडाभर नीट चालते म्हणून लोक खूश होतात, पण ती कुठल्या चार्जिंगला दगा देईल हे कुणी सांगू शकत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज दाखवते पण लोड आला की लगेच बंद पडते, असं होत असेल तर बहुतेक वेळा ओळीतला एक सेल गेलेला असतो. मशीनला दोष देण्याआधी दुसरी बॅटरी लावून बघा, निम्म्या वेळी तिथेच उत्तर मिळतं.

देखभाल फार नाही, पण जी आहे ती करा. काम झालं की बॅटरी काढून कोरड्या कपड्याने पुसा, हवेच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा, हवा मारायची असेल तर चष्मा घालून आणि लांबून. ग्राइंडरची जाळी जास्त जपायची कारण लोखंडाचा बुरा आत ओढला जातो, आणि मोटरजवळ तो साचला की शॉर्ट किंवा बेअरिंग जाम. पेट्रोल, थिनर प्लॅस्टिकला लावू नका, वरून चकचकीत दिसतं पण बॉडी ठिसूळ होते. बॅटरीच्या आणि मशीनच्या टर्मिनलवर काळपट थर आला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्या. एखादी पट्टी वाकलेली, पिवळसर-जळकी दिसली तर ती जागा तापतेय, तसंच वापरू नका. पॅक घातल्यावर कट असा आवाज येऊन बसला पाहिजे, हलत असेल तर दुरुस्तीला द्या, चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका.

चकमध्ये बिट घातल्यावर तो तिन्ही जबड्यांच्या बरोबर मध्ये आहे ना ते बघा, बारीक बिट हमखास दोनच जबड्यांत जातो आणि डोलतो. मशीन तोंड खाली करून चक पूर्ण उघडा आणि हलकं ठोका, बरीच धूळ पडते. भिंतीत वरच्या दिशेने भोकं पाडली असतील तर हे नक्कीच करा. एसडीएस बिट (दांड्याला खाचा असलेला, हॅमर मशीनमध्ये सरकवून बसवायचा) असेल तर मागच्या दांड्याला प्रत्येक वेळी किंचित ग्रीस.

ब्रश असलेल्या मोटरमध्ये कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, झिजतात. जाळीतून ठिणग्या मोठ्या दिसायला लागल्या, मशीन मधेच बंद पडून टपली मारल्यावर चालू व्हायला लागलं की कार्बन बघायची वेळ झाली, काही मशीनला बाहेरून स्क्रूचं टोपण असतं, काहींना उघडावं लागतं. दोन्ही एकदम बदलायचे, एक जुना एक नवा ठेवला तर झीज विषम होते. ब्रशलेसला ही भानगडच नाही, पण तिथे आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्यामुळे पाण्यात पडलं किंवा जळका वास आला तर स्वतः उघडण्यापेक्षा सर्व्हिस सेंटर बरं. जोर लावून मशीन गरम झालं तर लोड काढून मिनिटभर मोकळं फिरवा, आतला पंखा मोटर थंड करतो, लगेच बंद केलं तर उष्णता आतच कोंडते. पण धूर किंवा वास असेल तर मोकळं फिरवत बसू नका, बॅटरी बाहेर.

शेवटचं, बिघडलेली बॅटरी. फुगलेली, तडा गेलेली, उंचावरून आपटलेली, पाण्यात बुडालेली, न वापरता गरम होणारी, गोडसर केमिकलचा वास येणारी बॅटरी परत चार्जरवर लावायची नाही, "एकदा बघू तरी" म्हणून पण नाही. ती थंड असेल तर घराबाहेर, सिमेंटच्या किंवा फरशीच्या मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. फुसफुस आवाज येत असेल किंवा धूर निघत असेल तर हात लावू नका, सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, अग्निशमन दलाला फोन करा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, एक श्वासही नको. अशा आगीत भरपूर पाण्याचा उपयोग होतो तो सेल थंड करायला, पण ते काम लांबून आणि जमत असेल तरच, आणि विझल्यासारखी वाटली तरी काही तासांनी परत पेटू शकते त्यामुळे घरात परत आणायची नाही.

विमानाने मशीन न्यायचं असेल तर सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्येच, टर्मिनल झाकून. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते, व्होल्ट गुणिले एएच. १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९०, १०० च्या आत. १०० ते १६० मधल्याला एअरलाइनची परवानगी लागते, त्यावरची प्रवाशाला नेता येत नाही. मशीन मात्र केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ते चेक-इनमध्ये जातं, निघायच्या आधी एअरलाइनला विचारून घ्या.

संपलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर तिथे आग लागते आणि ती गाडी चालवणारं कुणीतरी असतं. टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा, पॅक उघडून सेल वेगळे करू नका, आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. फुगलेली असेल तर आधी फोन करून सांगा, ते घ्यायची पद्धत वेगळी असते.